लेकरांना घेऊन तंजावर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

तंजावरचा बेत आखायला बसलात की सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून टाका. दुपारी बारा ते चार या वेळात मुलाला कुठेही न्यायचं नाही. तेव्हा देवळांचे गाभारे बंद असतात, दगडी अंगण तव्यासारखं तापलेलं असतं आणि त्यावरून अनवाणी चालावं लागतं. मोठी माणसं ओठ चावून चालतात. सात वर्षांचं पोर चालत नाही, आणि त्याने का चालावं?

आम्ही तिघी दोनदा गेलो. मी, माझी लेक आणि माझी आई. पहिल्या खेपेला गाडी ठरवली आणि एका दिवसात पाच देवळं केली. चौथ्या देवळाच्या दारात लेक पायरीवर बसली ती उठेचना. आईचे गुडघेही बोलायला लागले होते. दुसऱ्या खेपेला तंजावरातच तीन रात्री राहिलो, सकाळी एक ठिकाण आणि संध्याकाळी एक, आणि प्रत्येक ठिकाणी लेकीला एकच गोष्ट शोधायला दिली. घरी आल्यावर तिला जे आठवत होतं ते सगळं या दुसऱ्या खेपेचं होतं. खाली लिहिलंय ते त्या खेपेच्या अनुभवावरून.

कधी जायचं

आपल्याकडे मुलांना मोठी सुट्टी मे महिन्यात असते, आणि नेमका तोच महिना तंजावरसाठी वाईट. उन्हाचा कहर असतो आणि कावेरी कोरडी पडलेली असते. मेट्टूर धरणाचं पाणी शेतीसाठी सोडायचा ठरलेला दिवस १२ जून, ते खालपर्यंत पोचलं की मग नदीत नदी दिसते. दिवाळीची सुट्टीही फसवी आहे. आपल्याकडे पाऊस संपलेला असतो, पण तमिळनाडूचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातला, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. म्हणून नाताळची सुट्टी किंवा २६ जानेवारीला जोडून येणारे दिवस धरा. भातखाचरं हिरवी असतात, नदीला पाणी असतं, आणि सकाळी अंगावर हलकी शाल घ्यावीशी वाटते.

संक्रांतीच्या सुमाराला जमलं तर पोंगल सापडतो. मट्टू पोंगल म्हणजे गुराढोरांचा सण, आपल्या बैलपोळ्याच्या कुळातला. त्या दिवशी मोठ्या देवळातल्या, म्हणजे बृहदीश्वराच्या, नंदीला भाज्या, फळं आणि मिठाईने मढवतात. वांगी, भोपळे, काकड्या यांच्या माळा घातलेला एवढा थोरला नंदी मुलाने एकदा पाहिला की विसरत नाही. गर्दी मात्र खूप असते. लहानग्याला गर्दीचा त्रास होत असेल तर प्रदोषाची संध्याकाळ गाठा. घरच्या कालनिर्णयात प्रदोष बघा, महिन्यातून दोनदा येतो. त्या संध्याकाळी नंदीला दूध, दही, हळदीचं पाणी, चंदन अशा एकेका गोष्टीने स्नान घालतात आणि काळा दगड क्षणात पांढरा, क्षणात पिवळा होतो. तासभर आधी जाऊन मुलाला पुढे बसवा.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

विमानाने जाणार असाल तर तिरुचिरापल्ली जवळचं, तिथून तंजावर ६० किलोमीटरच्या आत. रेल्वेने मुंबई-पुण्याहून चेन्नई गाठायचं आणि तिथून रात्रीची उळवन एक्स्प्रेस धरायची. उळवन म्हणजे शेतकरी. कावेरीच्या भाताच्या मुलखात जाणाऱ्या गाडीला हे नाव शोभतं, आणि मुलाला सांगायलाही छान. ही गाडी एगमोरहून सुटते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या चेन्नई सेंट्रलला पोचतात. दोन्ही स्थानकं फार लांब नाहीत, पण सामान, मूल आणि रिक्षा शोधणं धरून दोन तास हातात ठेवा. बंगळुरूत राहणाऱ्यांचं काम सोपं, म्हैसूरहून येणारी रात्रीची गाडी त्यांना थेट तंजावरला सोडते.

खोली घेताना देखावा बघू नका, अंतर बघा. रेल्वे स्थानक, जुना बसस्टँड आणि मोठं देऊळ या तिघांच्या मधल्या पट्ट्यात राहिलात तर देवळात चालत जाता येतं आणि दुपारी पटकन परतता येतं. मुलासोबत हा परत येण्याचा रस्ता छोटा असणं फार मोलाचं. नवा बसस्टँड गावाबाहेर आहे, तिथे खोली घेतली तर दर वेळी रिक्षा. जुन्या बसस्टँडजवळ घेतलीत तर मागच्या बाजूची खोली मागा, कारण तमिळनाडूच्या बसचे भोंगे पहाटेपासून सुरू होतात. साध्या शहर-बसमध्ये २०२१ पासून स्त्रियांना तिकीट लागत नाही, म्हणून आम्ही तिघी खूपदा बसनेच फिरलो.

सामानात चार गोष्टी न चुकता टाका: मुलासाठी जाड सुती मोजे (देवळात चप्पल चालत नाही, मोजे चालतात), पंचा, पाण्याची मोठी बाटली आणि एक कोरी वही. वहीचं काम पुढे येतंच. डास आहेत, तेव्हा मलमही घ्या. मुलाला अचानक ताप वगैरे आला तर गावात सरकारी मेडिकल कॉलेजचं मोठं रुग्णालय आहे आणि त्या रस्त्याला मेडिकल कॉलेज रोड असंच म्हणतात. रिक्षावाल्याला एवढं सांगितलं तरी कळतं.

आठ-दहा शब्द पाठ करा

हे काम मुलाकडे सोपवा, मोठ्यांपेक्षा पटकन करतात. रिक्षावाला तो अण्णा, दुकानातली बाई ती अक्का, वयस्क असतील तर अम्मा. पाणी म्हणजे तण्णी, गरम पाणी सुडु तण्णी. पुरे म्हणजे पोदुम. केवढ्याला म्हणजे एव्वळवु. कुठे म्हणजे एंगे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कारम वेण्डाम, तिखट नको. हिंदी इथे फारशी चालत नाही, आणि चालावी म्हणून आवाज चढवणं बरं दिसत नाही. लेकीने पहिल्याच दिवशी "अक्का, तण्णी" म्हटलं आणि त्या बाईंनी पाण्यासोबत तिच्या हातावर एक केळं ठेवलं. मुलींना तिकडे लाडाने "पाप्पा" म्हणतात. आधी सांगून ठेवा, नाहीतर पोरगी वडिलांना शोधायला लागेल. मुलगा असेल तर तो "तंबी".

पहिली संध्याकाळ: मोठं देऊळ, नुसतं बसायला

बृहदीश्वराला गावात कोणी बृहदीश्वर म्हणत नाही. पेरिय कोविल, म्हणजे मोठं देऊळ. पहिला राजराज चोळ याने ते बांधून १०१० मध्ये पुरं केलं. गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे शिखर, तेरा तळांचं आणि दोनशे फुटांहून उंच आहे. आजच्या वीस मजली इमारतीएवढं, आणि सगळं ग्रॅनाइटचं. इतका दगड या कावेरीच्या गाळाच्या सपाट मुलखात बाहेरून ओढून आणावा लागला. १९८७ पासून हे देऊळ जागतिक वारशाच्या यादीत आहे.

हे सगळं मुलाला पहिल्या संध्याकाळी सांगू नका. चारनंतर जा, ऊन कललेलं असतं. आत शिरताना दोन गोपुरं लागतात, आतल्या गोपुराचं नाव राजराजन तिरुवासल. त्याच्या दोन्ही बाजूंना अजस्र द्वारपाल उभे आहेत. मुलाला एवढंच सांगा, "याच्या पायाशी एक हत्ती आहे, शोध." खूप वेळ लागतो, कारण आपण हत्ती मोठा शोधत असतो. द्वारपालाच्या गदेला एका सापाने विळखा घातलाय आणि त्या सापाच्या तोंडात हत्ती आहे. हत्ती एवढासा, त्याला गिळणारा साप मोठा, सापाहून द्वारपाल कितीतरी मोठा. मग आत ज्याचा हा नुसता राखणदार तो केवढा असेल? मूर्तिकाराने एक शब्द न लिहिता सांगितलेली ही गोष्ट पाच वर्षांच्या मुलालाही कळते. आई तिथे हात जोडून उभीच राहिली.

मग नंदी. एकाच दगडातून कोरलेला, सुमारे बारा फूट उंच, आणि आत्ताचा हा नंदी चोळांचा नसून पुढे आलेल्या नायक राजांच्या काळातला. हा नंदी वाढत चालला होता म्हणून त्याच्या पाठीत खिळा ठोकला, अशी गोष्ट तिकडे सांगतात. ती जरूर सांगा.

यानंतर मुलाला अंगणात सोडून द्या. संध्याकाळी गावातली कुटुंबं तिथे येऊन बसतात, पोरं पळापळी करतात, म्हाताऱ्या गप्पा मारतात. हजार वर्षांचं देऊळ आणि गावाचं अंगण असं दोन्ही ते एकाच वेळी आहे, आणि हे कळायला नुसतं बसावं लागतं. दिवे लागले की शिखर सोनेरी होतं. तेवढं बघून परत या.

दुसरी सकाळ: पुन्हा मोठं देऊळ, आता कामाला

पुन्हा तिथेच जायचं? हो. सकाळी साडेसहा-सातला, फरशी गार असताना. आज तीन शोध.

पहिला शोध सावलीचा. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं तुम्हाला शंभर जण सांगतील. मुलाला म्हणा, आपण स्वतः बघू. सकाळच्या उन्हात शिखराची लांबलचक सावली अंगणात पसरलेली असते. लेक त्या सावलीच्या टोकापर्यंत पावलं मोजत गेली आणि वहीत आकडा लिहिला. ऐकलेली गोष्ट आपल्या पावलांनी तपासता येते, हे तिला तिथे कळलं. देवळाचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही.

दुसरा शोध अक्षरांचा. विमानाच्या पायाच्या दगडांवर सगळीकडे जुन्या तमिळ अक्षरांच्या ओळी आहेत. मी दिलेलं दान, माझ्या अक्काने दिलेलं, राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं दगडावर कोरा, अशी राजराजाची आज्ञाच आहे. राण्यांच्या आधी थोरल्या बहिणीचा मान, तिचं नाव कुंदवै. आणि "अक्का" हा शब्द मुलाने कालच वापरलेला असतो! याच लेखांमध्ये देवळात नाचणाऱ्या चारशे जणींची नावं आहेत. कोण कुठल्या रस्त्यावर, कितव्या घरात राहायची तेही आहे, आणि प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम (धान्याचं जुनं माप) भात मिळायचा. राजाचं नाव दगडावर कोरलं जाणं नवलाचं नाही. एका नर्तिकेच्या घराचा पत्ता हजार वर्षं टिकणं हे नवल आहे, आणि मुलांना ते पटकन कळतं, कारण त्यांना आपला पत्ता नुकताच पाठ झालेला असतो.

तिसरा शोध आपला. आवाराच्या नैर्ऋत्य बाजूला, ओवरीच्या भिंतीवर जा. लेकीला मी काहीच सांगितलं नव्हतं. दोन दिवस तिला एकही पाटी वाचता येत नव्हती, सगळी तमिळ. भिंतीशी गेल्यावर ती आधी नुसती बघत राहिली, मग ओरडली, "आई, हे मला येतंय!" ही देवनागरी आणि भाषा मराठी. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याची सगळी कहाणी या भिंतीवर कोरून घेतली. दगडावरच्या सर्वांत लांब लेखांमध्ये त्याची गणना होते. मजकूर सलग आहे, वळण जुनं आहे, अर्थ भराभर लागत नाही. मुलाला "राजे" हा शब्द शोधायला सांगा आणि सापडला की वहीत उतरवून घ्यायला लावा. बोट भिंतीला टेकवू द्यायचं नाही, हवेतल्या हवेत गिरवायचं. महाराष्ट्राबाहेर इतक्या दूर आपली बाराखडी भेटते, तेव्हा मुलाच्या तोंडावर जे येतं ते बघायला तरी या भिंतीपर्यंत जा. बहुतेक लोक नंदी आणि गाभारा बघून परततात, इकडे फिरकतही नाहीत.

इथे मराठी आली कशी, हा प्रश्न येणारच. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी. त्यांनी १६७५ च्या सुमाराला तंजावर घेतलं आणि त्यांच्या वंशजांनी १८५५ पर्यंत इथे गादी चालवली. शेवटच्या राजाचं नावही शिवाजीच. आजही तंजावरात घरी मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. त्यांची मराठी आपल्यापासून तीनशे वर्षं दूर राहिलेली, तमिळच्या शेजारात वाढलेली. कुणी भेटलं तर मुलाला त्यांच्याशी बोलू द्या, आणि काही वेगळं ऐकू आलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला जाऊ नका.

दहाच्या आत देवळातून बाहेर पडा. शेजारीच शिवगंगा बाग आहे. तिच्या परिसरात जुनी चर्च आहे. धर्मगुरू श्वार्ट्झ, म्हणजे लहानपणी सरफोजींना शिकवणारे आणि सांभाळणारे, यांचं नाव तिला आहे. आत संगमरवरात एक दृश्य कोरलंय: गुरुजी मरणशय्येवर आणि शेजारी उभा असलेला सरफोजी. इंग्लंडच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराचं काम. दार उघडं मिळालं तर पाच मिनिटं बघा.

दुपार

जेवा आणि झोपा. जेवणाचं म्हणाल तर मुलांची तिथे चंगळ असते. केळीच्या पानावर भात, आणि "कारम वेण्डाम" म्हटलं तरी रस्सम तिखटच येतं, म्हणून मुलासाठी तयिर सादम म्हणजे दहीभात मागा. सकाळी इडली, तुपातली डोसा-पोडी, वेण पोंगल. वेण पोंगल म्हणजे मिरं-तुपाची मऊ खिचडी, मिरं मोठं असतं ते वेचून काढता येतं. मोर म्हणजे ताक, ते दिवसभर प्या. मोठ्यांना कॉफी पितळी वाटी-पेल्यात येते. एकातून दुसऱ्यात उंचावरून ओतून गार करायची ती रीत मुलाला दुधावर करू द्या, सांडलं तर कोणी रागवत नाही.

सांबाराची दंतकथा आईने लेकीला इथेच सांगितली. राजवाड्यात आमटीला आमसुलं मिळेनात, मग चिंच घातली, आणि पाहुणे आलेल्या संभाजी महाराजांच्या नावावरून तिचं सांबार झालं. दंतकथा म्हणूनच सांगा, पण सांबाराची वाटी पुढ्यात असताना सांगा.

दुसरी संध्याकाळ: मान हलवणारी बाहुली

गावच्या जुन्या किल्ल्याला धरून चार मुख्य रस्ते आहेत. कीळ वीदि पूर्वेचा, मेल वीदि पश्चिमेचा, तेर्कु दक्षिणेचा, वडक्कु उत्तरेचा. संध्याकाळी यांतला एखादा रस्ता चालत जा. फणसाच्या लाकडाची वीणा बनवणारे कारागीर या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि तंजावर चित्रांची दुकानं तर पावलोपावली. चित्रात सोन्याचा वर्ख आणि खडे कसे बसवतात ते एखाद्या कारखान्यात विचारून बघता येतं. बहुतेक जण आनंदाने दाखवतात. आधी विचारा, आणि मुलाचे हात तुमच्या हातात ठेवा.

मुलाचं मन मात्र तलैयाट्टि बोम्मैवर जडणार. तलै म्हणजे डोकं, आट्टि म्हणजे हलवणारी. हिच्यात दोन जाती आहेत आणि दोन्ही घ्याव्यात. एक राजा-राणीची जोडी, तळ अर्धगोल आणि जड, वरचा भाग हलका. कितीही आडवी पाडा, उठून उभी राहते. दुसरी नर्तकी, तिचं डोकं, धड, घागरा हे वेगवेगळे तुकडे एकमेकांवर टेकवलेले, एक फुंकर घातली की सगळी डोलते. लेकीने राजाला वीस वेळा पाडलं आणि मग विचारलं, "हा पडत का नाही?" उत्तर लगेच देऊ नका. त्याला उलटा हातात घेऊ द्या, खालचं वजन जाणवू द्या. गुरुत्वमध्य हा शब्द शाळेत येईल तेव्हा येईल, तो आधी तळहाताला कळलेला बरा.

घासाघीस थोडी चालते. भाव एकच हवा असेल तर सरकारी पूंपुहार दुकान आहे.

तिसरी सकाळ: राजवाडा

नायक राजांनी बांधायला घेतलेला आणि मराठ्यांनी वाढवलेला हा वाडा मोठा, थोडा विसकटलेला आणि मुलांच्या फार आवडीचा आहे. चौक, कमानी, अंधारे जिने, मधूनच रंगीत खांबांचा मराठा दरबार. तिकीट वेगवेगळ्या भागांना वेगळं असू शकतं, खिडकीवर नीट विचारून घ्या. उघडल्या-उघडल्या पोचा.

आधी कलादालन, कारण तिथे चोळ काळातल्या कांस्यमूर्ती आहेत आणि अशा मूर्ती जगात फार थोड्या ठिकाणी इतक्या जवळून बघायला मिळतात. सगळ्या बघायच्या नाहीत. तिरुवेंकाडूहून आलेला वृषभवाहन शिव शोधा, अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा. डोक्याला सापांचा मंदिल, एक पाय सहज पुढे टाकलेला आणि एक हात कशावर तरी टेकल्यासारखा हवेत. मुलाला विचारा, हा कशावर रेललाय? बैल होता, तो आता नाही. पण हाताच्या बोटांवरून, कंबरेच्या बाकावरून बैलाची उंची कळते. लेकीने वहीत शिव काढला आणि बैल आपल्या मनाने पुरा केला. मी त्या मूर्तीपुढे अर्धा तास बसू शकते. लेक दहा मिनिटं बसली आणि तेवढं पुष्कळ झालं.

याच वाड्यात एक देवमासा आहे. खरा सांगाडा, तरंगमबाडीच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या माशाचा. कांस्यमूर्तींच्या महालात देवमाशाच्या बरगड्या का आहेत, हे मुलाला विचारायचं सुचतही नाही, ते सरळ त्यांच्याकडे धावत जातं. वरचे जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत. उघडे असतील तर मुलाला पुढे ठेवा, आपण मागून चढा. आजी खाली चौकात बसलेली बरी.

मग सरस्वती महाल. ४९ हजारांवर हस्तलिखितांचा हा ग्रंथसंग्रह नायकांच्या काळापासूनचा, आणि त्याला आजचं रूप दिलं सरफोजींनी. बघायला मिळतो तो छोटा संग्रहालयाचा भाग. मुलासाठी तिथे दोन गोष्टी. एक, ताडपत्रं: पान किती अरुंद आणि अक्षर किती बारीक. दुसरी, माणसांचे चेहरे आणि प्राण्यांचे चेहरे शेजारी-शेजारी ठेवून काढलेली फ्रेंच चित्रं. घुबडासारखा माणूस, उंटासारखा माणूस. लेक आणि आजी नातेवाइकांची नावं घेत हसत होत्या.

सरफोजींबद्दल मुलाला थोडं सांगाच. हा राजा १७९८ मध्ये गादीवर आला आणि वर्षभरात राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेला. हातात फौज नाही, मुलूख नाही. मग त्याने पुस्तकं जमवली, डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करून घेतले आणि त्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या, छापखाना घातला. १८०० नंतरच्या पहिल्या दशकात त्या छापखान्यातून इसापनीती मराठीत छापून निघाली. ससा-कासवाची गोष्ट मराठी मुलांसाठी तंजावरात छापली जात होती, तेव्हा पुण्यात पेशवाई चालू होती. आणि सांगलीत १८४३ मध्ये मराठी नाटक उभं राहिलं त्याच्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधी याच वाड्यातले शहाजीराजे (व्यंकोजींचे पुत्र, शिवाजी महाराजांचे वडील नव्हेत) मराठी नाटकं लिहीत होते. हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तिसरी संध्याकाळ: तिरुवैयारू

उत्तरेला बारा-तेरा किलोमीटर, बस भरपूर. नावाचा अर्थ पाच नद्यांचं पवित्र गाव. कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार संत त्यागराज (१७६७–१८४७) इथे राहिले आणि त्यांची समाधी कावेरीच्या काठी आहे. जानेवारीच्या सुमाराला पौष वद्य पंचमीला आराधना होते. शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. त्या दिवशी मुलासह जाणं दमवणारं आहे, एरवीची शांत संध्याकाळ चांगली. घाटाच्या पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडायचे, मुलाचा हात धरून. पाण्याला ओढ असते. परतताना अशोका हलवा घ्या, मुगाच्या डाळीचा, तुपाने निथळणारा, इथलाच. पहिला घास गरम गरम तिथेच खायचा.

निघायच्या दिवशी, जोर उरला असेल तर

कुंभकोणमकडे जाणारी सकाळची पॅसेंजर धरा. वाटेतलं स्वामीमलै मुलांचं आहे. इथे बाळ मुरुगाने बाप शंकराला ओंकाराचा अर्थ शिकवला, पोरगा गुरू आणि बाप शिष्य. देवळाच्या साठ पायऱ्या म्हणजे साठ संवत्सरं, मुलाला मोजत चढू द्या. याच गावात स्थपती मेणाचा साचा करून कांस्यमूर्ती ओततात. राजवाड्यात पाहिलेला तो शिव अशाच रीतीने घडला.

तिथून दारासुरम. बाराव्या शतकातलं ऐरावतेश्वराचं देऊळ, तंजावरच्या मानाने छोटं आणि मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर कोरलेलं. मंडपाला दगडी चाकं आणि घोडे आहेत. आणि एक कोडं: हत्ती आणि बैल समोरासमोर, दोघांना मिळून एकच डोकं. डावीकडचा भाग हाताने झाकला की एक दिसतो, उजवीकडचा झाकला की दुसरा. याची जागा मी सांगत नाही, पोराला शोधू द्या.

कल्लणै, म्हणजे करिकाल चोळाच्या नावाचा कावेरीवरचा प्राचीन बंधारा, तिरुचिरापल्लीकडून जवळ पडतो. विमानाने परतणार असाल तर त्या वाटेने जा, नदी चार वाटांनी फुटताना दिसते. गंगैकोंडचोळपुरमचं चोळ देऊळ आणि सरफोजींनी समुद्राकाठी बांधलेला मनोरा मूल मोठं झाल्यावर.

बाहुल्या मोठ्या बॅगेत टाकू नका. नर्तकीचे तुकडे सुटे करा, प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळा आणि हातातल्या पिशवीत ठेवा. देवळासाठी नेलेले जाड मोजे या कामाला नेमके पुरतात. डोकं एका मोज्यात, धड दुसऱ्यात, घागरा पंचात. आमची नर्तकी तशीच घरी पोचली, आणि पंख्याच्या वाऱ्याने अजून मान हलवते.